कोरोरच्या पुलाचे सीलबंद कागद

नोव्हेंबर २००७ मध्ये बंगळूरला स्ट्रक्चरल इंजिनीअरांची तिसरी जागतिक परिषद भरली होती. त्या परिषदेने एक ठराव एकमताने संमत केला. मोठे बांधकाम कोसळले तर त्याची सगळी तांत्रिक माहिती खुली झाली पाहिजे, व्यवसायाच्या नीतीला धरून तेच योग्य आहे, असा त्याचा आशय होता. ठरावाची भाषा सर्वसाधारण होती, पण तो मांडला गेला एका विशिष्ट पुलामुळे. पश्चिम पॅसिफिकमधल्या पलाऊ या चिमुकल्या देशात कोरोर आणि बाबेलदाओब ही दोन बेटे जोडणारा काँक्रीटचा पूल २६ सप्टेंबर १९९६ रोजी कोसळला होता. त्याचे आराखडे, मोजमापे, चाचण्यांचे निकाल, दुरुस्तीचे हिशेब हे सगळे पक्षकारांमधल्या तडजोडीनंतर सीलबंद झाले आणि वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले. पूल पडल्याची चर्चा जगभर झाली, पण त्या चर्चेला लागणारा आधार कोणाच्याच हाती नव्हता. कोसळलेल्या पुलाची चौकशी नुकसान झालेल्यांपुरती किंवा ठपका येणाऱ्यांपुरती ठेवता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. तिच्यातून निघणाऱ्या माहितीवर पहिला हक्क अजून उभ्या असलेल्या पुलांवरून रोज ये-जा करणाऱ्या माणसांचा असतो. कोरोरच्या बाबतीत तो हक्क डावलला गेला आणि त्यामुळे काय गमावले गेले ते नंतर आकड्यांनीच दाखवून दिले.

पलाऊची लोकसंख्या त्या काळी जेमतेम १७ हजार. बहुतेक वस्ती कोरोरला, राजधानीही तेव्हा तिथेच, विमानतळ मात्र पलीकडच्या मोठ्या बाबेलदाओब बेटावर. मधली खाडी एकाच गाळ्यात ओलांडायचे ठरले आणि १९७७ मध्ये पूल पुरा झाला तेव्हा सुमारे २४१ मीटरचा तो गाळा आपल्या प्रकारात जगात सर्वांत लांब होता. बांधण्याची रीत नेमकी समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच उद्भवले. दोन्ही काठांवरच्या मुख्य खांबांपासून पुलाचे दोन हात मध्याकडे वाढवत नेले. प्रत्येक हाताचे २५ तुकडे, प्रत्येक तुकडा जागेवरच ओतलेला. तुकडा पुरेसा घट्ट झाला की त्यातून आलेल्या पोलादी सळया जॅकने ताणून मागच्या भागाशी आवळायच्या, साचा पुढे सरकवायचा आणि पुढचा तुकडा ओतायचा. बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड होताना लाकूड आवळून धरते, तसे हे ताणलेले पोलाद काँक्रीटला सतत आवळून धरते. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटची सगळी ताकद या आवळण्यात असते. खांबाच्या माथ्यावर वरच्या लादीत अशा ३१६ सळया चार थरांपर्यंत दाटीने बसवल्या होत्या. पेटीच्या आकाराचा गर्डर खांबापाशी १४ मीटरहून उंच होता, तो निमुळता होत मध्यावर ३.६६ मीटरवर आला. खालची लादी खांबापाशी एक मीटरहून जाड आणि मध्यावर वीतभरापेक्षाही पातळ. दोन हात जिथे भेटत तिथे बिजागरी ठेवली होती. दोन टोके एकमेकांच्या वरखाली सरकू नयेत, पण उन्हाने लांबायला-आखडायला आणि किंचित वळायला मोकळी राहावीत, अशी ती योजना.

काँक्रीट घट्ट झाले की त्याचे काम झाले, पुढे ते दगडासारखे निश्चल राहणार, असा सर्वसाधारण समज असतो. तसे होत नाही. कायमच्या दाबाखाली काँक्रीट वर्षानुवर्षे किंचित आखडत राहते. याला क्रीप म्हणतात. शिवाय आतला ओलावा जसा निघून जातो तसे ते वेगळ्या कारणानेही आक्रसते. पातळ लादी लवकर सुकते, जाड लादीला सुकायला कित्येक दशके लागतात. म्हणजे एकाच पेटीची वरची, खालची आणि उभी बाजू वेगवेगळ्या गतीने आखडते. कोरोरच्या पुलाचा प्रत्येक हात खांबातून पुढे आलेला आणि टोकाला मोकळा, म्हणून त्याची खालची बाजू आपल्याच वजनाने कायम दाबाखाली होती. ती आखडली की टोक खाली जाणार. काँक्रीट आखडले की त्याला आवळणाऱ्या सळयांचाही ताण उतरणार. ताण उतरला की हात आणखी झुकणार. मध्यावर बिजागरी असल्यामुळे एका हाताने दुसऱ्याचे वाकणे रोखण्याची सोयही नव्हती. डिझाइन करणाऱ्यांना हे सगळे ठाऊक होते आणि म्हणूनच त्यांनी पुलाला मध्यावर मुद्दाम वरच्या अंगाने बाक दिला होता. त्यांचा अंदाज असा की काही वर्षांत झोळ पडेल तेवढा पडेल आणि मग थांबेल. १९९० पर्यंत पूल मध्यावर सुमारे सव्वा मीटर खाली आला होता आणि थांबण्याचे चिन्ह नव्हते. अठरा वर्षांनी, ठरवलेल्या बाकाच्या तुलनेत, हा झोळ १.६१ मीटर भरला. पुलावरून गाडी नेणाऱ्याला तो हाताला जाणवत असे: मध्यापर्यंत उतार, बिजागरीपाशी ठेच, मग चढ.

पलाऊने याकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येत नाही. दोन स्वतंत्र तज्ज्ञ अभ्यास झाले आणि दोन्हींचा निष्कर्ष एकच निघाला: झोळ वाढत राहील, पण पूल पडण्याचा धोका नाही. तेव्हा दुरुस्ती झोळासाठीच आखली गेली. मध्यावरची बिजागरी काढून दोन्ही हात एकसंध केले, मध्यावर सपाट जॅक बसवून दोन्ही हातांना मागे रेटा दिला, पेटीच्या आत नव्या केबल टाकून जादा ताण दिला, वरचा रस्ता नव्याने केला. जुलै १९९६ मध्ये काम संपले. सप्टेंबरअखेरीस, वारा नाही, भूकंप नाही, वाहतूकही अगदी तुरळक, अशा एका शांत संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास पूल खाडीत गेला. दोघांचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. बाबेलदाओबकडच्या खांबाजवळ प्रथम मोड झाली, आणि आता दोन्ही हात जोडलेले असल्यामुळे तिने कोरोरकडच्या हातालाही ओढून नेले. कोरोरला पाणी आणि वीज पुलावरूनच जात होती, ती तुटली. राजधानी आणि विमानतळ यांच्यात पाणी आले, आणि दोनच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या या देशाला आणीबाणी जाहीर करावी लागली.

यानंतर जे झाले ते कायद्याच्या दृष्टीने नेहमीचेच होते. देशाने नुकसानभरपाईसाठी दावा लावला, प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले आणि मिटवताना तांत्रिक कागद बाहेर येऊ द्यायचे नाहीत असे ठरले. पलाऊला पैसा हवा होता आणि नवा पूल हवा होता. त्या छोट्या देशाने तडजोड पत्करली याचा दोष मी त्याला देणार नाही. जपानच्या मदतीने नवा पूल २००२ मध्ये उभा राहिलाही. पण पैशाच्या तडजोडीसोबत ज्ञानही गहाण पडले, आणि ते पक्षकारांच्या मालकीचे नव्हतेच. केंब्रिजचे ख्रिस बर्गॉइन आणि रिचर्ड स्कँटलबरी यांनी २००६ मध्ये, म्हणजे पूल पडल्यावर दहा वर्षांनी, कोसळण्याची मीमांसा प्रसिद्ध केली तेव्हा त्यांना जाहीर झालेल्या तुकड्यांवरच भिस्त ठेवावी लागली. त्यांचे काम चांगले आहे. परंतु जगातल्या सर्वांत लांब गाळ्यांपैकी एकाचा मृत्यू अभ्यासायला पुलाच्या व्यवसायातल्या माणसांना बाहेरून कानोसा घ्यावा लागावा, हे त्या व्यवसायाच्या इतिहासात विपरीत होते.

विपरीत यासाठी की पुलांचे शास्त्र उघड चौकश्यांवरच वाढलेले आहे. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल गाडीसकट पडला. पुढच्याच वर्षी चौकशी न्यायालयाचा अहवाल प्रसिद्ध झाला, साक्षींसह. पुलाची रचना, बांधकाम आणि देखभाल या तिन्हींत खोट होती, आणि वाऱ्याचा दाब हिशेबात नीट धरलाच नव्हता, हे कोणालाही वाचता आले. त्यानंतर ब्रिटनमध्ये पुलांसाठी वाऱ्याच्या दाबाचा ठरावीक आकडा आला आणि १८९० चा फोर्थ पूल त्याच आकड्यावर बांधला गेला. १९७० चे उदाहरण आणखी बोलके आहे. त्या जूनमध्ये वेल्समध्ये मिलफर्ड हेवनचा पोलादी पेटी-गर्डरचा पूल बांधकाम चालू असताना पडला, चौघे गेले. ऑक्टोबरमध्ये मेलबर्नचा वेस्ट गेट पूल पडला, ३५ कामगार गेले. दोन्ही एकाच जातीचे पूल. व्हिक्टोरिया राज्याच्या शाही आयोगाने पुढच्या वर्षीच सविस्तर अहवाल दिला. ब्रिटनमध्ये मेरिसन समितीने नवे नियम घालून दिले, आधीच उभ्या असलेल्या पेटी-गर्डर पुलांची तपासणी झाली आणि त्यातल्या कित्येकांना मजबुती द्यावी लागली. पोलादाच्या पातळ पत्र्यांच्या फुगण्याविषयी आज जे शिकवले जाते त्यातला मोठा भाग त्या दोन अपघातांच्या उघड्या कागदांतून आलेला आहे. पोलादाच्या बाबतीत जे तीन-चार वर्षांत झाले ते काँक्रीटच्या क्रीपबाबत व्हायला कोरोरनंतर एक तप उलटून गेले.

कुलूप उघडण्याचे श्रेय मुख्यतः झ्देनेक बाझांत यांना जाते. प्रागमध्ये जन्मलेले, शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अध्यापन करणारे हे संशोधक आयुष्यभर क्रीपवर काम करत आलेले. त्यांच्याजवळ स्वतःचे सूत्र होते आणि बांधकामाच्या प्रचलित संहितांमधली सूत्रे दीर्घकाळासाठी चुकतात असे त्यांचे जुने मत होते, पण ते सिद्ध करायला खऱ्या पुलाची पुरी नोंद लागते. प्रयोगशाळेत काँक्रीटचे लहान नमुने दाबाखाली ठेवून त्यांचे आखडणे मोजतात. असे बहुतेक प्रयोग काही वर्षांतच थांबतात. लहान नमुना लवकर सुकतो आणि त्याच्या आलेखावरून आखडणे संपत आले असे वाटते. त्याच आलेखावरून संहिता लिहिणाऱ्यांनी वक्ररेषा काही वर्षांनी सपाट होते असे धरले. कोरोरच्या मीटरभर जाड लादीत मात्र अठरा वर्षांनीही पाणी बाहेर निघत होते आणि रेषा चढतच होती. हे सगळे त्या बंद कागदांत होते. बाझांत यांच्या पुढाकाराने बंगळूरचा ठराव झाला. जानेवारी २००८ मध्ये पलाऊच्या महान्यायवादींनी माहिती खुली करायला संमती दिली.

कागद हाती आल्यावर बाझांत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण पेटी संगणकावर त्रिमितीत उभी केली, प्रत्येक तुकडा ज्या क्रमाने ओतला गेला त्या क्रमाने, प्रत्येक लादीला तिच्या जाडीप्रमाणे सुकवत. उत्तर अस्वस्थ करणारे होते. अमेरिकी, युरोपीय आणि जपानी संहितांच्या सूत्रांनी अठरा वर्षांनंतरचा झोळ मोजलेल्या झोळापेक्षा ५० ते ७७ टक्क्यांनी कमी निघत होता. सळयांच्या ताणाचेही तसेच. दुरुस्तीपूर्वी काही सळयांवर प्रत्यक्ष मोजणी झाली होती आणि तिच्यात सुरुवातीचा निम्मा ताण नाहीसा झालेला दिसला होता. संहितांच्या हिशेबाने त्याच्या निम्म्याच्या आसपास घट अपेक्षित होती. म्हणजे ज्या आवळण्यावर पूल उभा होता ते आवळणे प्रत्यक्षात बरेच ढिले झाले होते. एका पुलाच्या ठेकेदाराने काँक्रीट नीट घातले नाही, अशा समजुतीने हा फरक भागवता येत नाही. सूत्रच दीर्घ पल्ल्यासाठी तोकडे होते. आणि तसे असेल तर ते एका पुलापुरते राहणार कसे? हा प्रश्न बाझांत यांनी लगेच विचारला. निरनिराळ्या देशांतल्या अशाच मोठ्या गाळ्यांच्या पुलांच्या झोळाच्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा पन्नासहून अधिक पुलांमध्ये रेषा सपाट होण्याऐवजी दशकामागून दशक चढत असलेली दिसली. २०१५ मध्ये मांडलेल्या क्रीपच्या नव्या प्रारूपाची जुळणी प्रयोगशाळेतल्या नमुन्यांसोबत या खऱ्या पुलांच्या नोंदींवरही केली गेली.

इथे मला क्षणभर थांबून त्या अकरा वर्षांकडे पाहावेसे वाटते. १९९६ ते २००८ हा काळ जगात प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे लांब गाळे धडाक्याने बांधले जाण्याचा होता, भारतातही, चीनमध्ये तर फारच. त्या काळात बसून झोळाचा हिशेब करणाऱ्या प्रत्येक इंजिनीअरने संहितेतले सूत्र प्रामाणिकपणे वापरले असेल. त्याला दोष देता येत नाही, कारण सूत्र चुकल्याचा सर्वांत भक्कम पुरावा कपाटात होता. त्या काळात बांधलेल्या पुलांपैकी किती आज अपेक्षेपेक्षा अधिक झोळ घेऊन उभे आहेत हे एकेक पूल मोजूनच कळेल. झोळ पडलेला पूल लगेच पडत नाही, हे खरे. पण त्याची दुरुस्ती खर्चिक असते, पूल बंद ठेवावा लागतो, आणि दुरुस्ती करताना शिल्लक ताणाचा अंदाज चुकला तर काय होऊ शकते ते कोरोरला दिसले आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो कमी लेखण्यासारखा नाही. पूल क्रीपमुळे पडलाच नाही, दुरुस्तीमुळे पडला. क्रीपच्या आकड्यांवर एवढा भर कशाला? कोसळण्याचे तात्कालिक कारण दुरुस्तीशी जोडलेले आहे यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. जादा ताणाने खांबाजवळची वरची लादी थरांत सुटली, की रस्त्याचा जुना थर काढताना तिला इजा झाली, यावर मतभेद आहेत. पण दुरुस्ती आली कुठून? झोळातून. झोळ आला सूत्र चुकल्यातून. आणि दुरुस्ती आखताना पुलात किती ताण शिल्लक आहे, पुढे तो किती उतरेल, कोणत्या लादीवर किती दाब आहे, हे पुन्हा क्रीपच्या हिशेबावरच ठरते. साखळीतली शेवटची कडी तुटली म्हणून आधीच्या कड्या सुटत नाहीत. उलट हा आक्षेप माझ्याच बाजूने उभा राहतो. झोळ पडलेल्या पुलात काँक्रीटच्या बाहेरून केबल टाकून ताण वाढवणे हा जगभर वापरला जाणारा उपाय आहे. तो उपाय एका ठिकाणी तीन महिन्यांत जीवघेणा ठरला होता. इतरत्र तोच उपाय करू पाहणाऱ्यांना दुरुस्तीचे ते कागद सर्वांत आधी मिळायला हवे होते.

दुसरा आक्षेप वकिलांचा आणि विमा कंपन्यांचा. सगळे उघड झाले तर इंजिनीअर तोंड उघडणार नाहीत, मोजमापे लिहून ठेवायलाच कचरतील, आणि दावे मिटण्याऐवजी लांबतील. भीती खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय इतरांनी करून दाखवला आहे. विमान अपघातांसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेचे परिशिष्ट १३ आहे. तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणे हाच असावा, ठपका ठेवणे हा नव्हे, असे ते स्पष्ट सांगते, आणि अहवाल प्रसिद्ध होतात. भरपाईचे खटले वेगळे चालतात. पुलांच्या बाबतीत क्यूबेकचे उदाहरण आहे. ३० सप्टेंबर २००६ रोजी मॉन्ट्रियलजवळच्या लावाल शहरात काँकॉर्द नावाचा काँक्रीटचा उड्डाणपूल पडला, पाच माणसे गेली, सहा जखमी झाली. माजी प्रांतप्रमुख पिएर मार्क जॉन्सन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने साधारण वर्षभरात अहवाल हाती ठेवला. गर्डर ज्यावर टेकतात त्या लादीच्या टोकाच्या सळया १९७० मध्येच चुकीच्या जागी बसल्या होत्या. जाड लादीत कातरबळासाठी सळया घालण्याची सक्ती तेव्हाच्या संहितेत नव्हती. काँक्रीट गोठण्या-वितळण्याला कमजोर होते. १९९२ च्या दुरुस्तीत हे उघडे पडले असताना पाहिले गेले नाही. तपासण्या वरवरच्या झाल्या. पडण्याच्या तासाभर आधी काँक्रीटचे तुकडे खाली पडल्याची खबर आली, गस्तीवरचा माणूस येऊन गेला आणि पूल चालूच राहिला. एवढे सगळे सांगूनही आयोगाने कोणा एका व्यक्तीवर वा संस्थेवर सारा भार टाकला नाही. शेजारचा त्याच घडणीचा ब्ल्वा पूल पाडून टाकण्यात आला. साक्षी जाहीर होत्या, तरी इंजिनीअर बोललेच.

लोक घाबरतील, आकड्यांचा भलता अर्थ काढतील, असेही म्हटले जाते. आकड्यांचा भलता अर्थ निघतो तो आकडे अर्धवट बाहेर आले की. कोरोरला दोन अभ्यासांनी पूल सुरक्षित ठरवला होता एवढेच लोकांना ठाऊक होते. सुरक्षित कोणत्या गृहीतांवर, ते नव्हते. गृहीते समोर असती तर त्यांच्यावर कोणीतरी बोट ठेवले असते असा दावा मी करत नाही. पण बोट ठेवू शकणारी माणसे जगात होती, आणि त्यांना पाहायला मिळाले असते.

हा विषय महाराष्ट्र-गोव्याला दूरचा वाटू नये. पणजीच्या मांडवी नदीवरचा पहिला पूल, नेहरू सेतू, १९७० च्या सुमारास प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्येच बांधला गेला आणि ५ जुलै १९८६ रोजी, भर पावसाळ्यात, कोसळला. वय जेमतेम सोळा वर्षे. तिथे मुख्य शत्रू क्रीप नव्हता, खाऱ्या हवेने प्रीस्ट्रेसिंगच्या पोलादाला लागलेला गंज होता. कित्येक वर्षे पणजी आणि बार्देशची ये-जा फेरीबोटींवर आली. पण मांडवीचा गंज आणि कोरोरचा झोळ यांच्यात एक धागा समान आहे: दोन्हीकडे पुलाचा प्राण असलेले ताणलेले पोलाद काँक्रीटच्या पोटात आहे, डोळ्यांना दिसत नाही, आणि ते किती गळाले आहे हे बाहेरून पाहून कळत नाही. वेल्समध्ये अफान नदीवरचा यनिस-अ-ग्वास हा १९५३ चा छोटा पूल ४ डिसेंबर १९८५ रोजी, म्हणजे मांडवीच्या सात महिने आधी, असाच कोणतीही पूर्वसूचना न देता पडला. तुकड्यांच्या सांध्यांमधून पाणी आणि मीठ केबलपर्यंत पोचले होते. पुलावर कोणी नव्हते, हानी झाली नाही, तरीही त्याचा तपास प्रसिद्ध झाला. पुढे १९९२ मध्ये ब्रिटनने ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ लगदा, भरलेल्या केबलचे नवे पूल बांधणे काही वर्षांसाठी थांबवले आणि केबलच्या नळ्या उघडून पाहण्याची मोहीम हाती घेतली. १८ मीटरच्या आसपास लांबीच्या एका ग्रामीण पुलाने एका देशाची बांधण्याची रीत बदलली, ती त्याचे कागद उघडे होते म्हणून.

मांडवीचा पूल पडला तेव्हा दक्षिणेला जुवारी नदीवरचा पूल अवघा तीन वर्षांचा होता. त्याच खाऱ्या हवेत, त्याच प्रकारच्या पोलादावर उभा. पुढच्या दशकांत त्याच्यावर दुरुस्त्या होत गेल्या, जड वाहनांवर बंधने आली आणि २०२२ च्या अखेरीस शेजारचा नवा पूल वाहतुकीला खुला झाला. जुन्या जुवारी पुलाने तोवर जवळजवळ चाळीस पावसाळे काढले होते. इतक्या जुन्या किनारी पुलाला बोलते करण्याची संधी वारंवार येत नाही. वेगवेगळ्या गाळ्यांतल्या केबलच्या नळ्या उघडून ग्राउट कुठे भरले होते आणि कुठे पोकळी राहिली होती ते पाहणे, समुद्राकडच्या आणि आतल्या बाजूच्या सळयांचा गंज वेगवेगळा मोजणे, काँक्रीटमध्ये क्लोराइड किती खोल शिरले त्याचे नमुने काढणे, शिल्लक ताण प्रत्यक्ष मोजणे, आणि १९८३ पासूनच्या झोळाच्या नोंदी त्यांच्याशेजारी मांडून हे सगळे आकडे, दुरुस्त्यांच्या तारखांसह, रत्नागिरीपासून कारवारपर्यंतच्या खाड्यांवर पूल बांधणाऱ्या आणि तपासणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतील असे छापणे: यासाठी कोणताही पूल पडण्याची वाट पाहावी लागत नाही.